पहिले चार प्रोग्राम तुझ्या अक्षरात

प्रिय आई,

अक्षराकडे बघू नकोस, आधी वाच. आज प्रॅक्टिकलच्या मॅडमनी माझं जर्नल सही न करता परत केलं. म्हणाल्या, "पहिले चार प्रोग्राम एका अक्षरात, पुढचे सहा दुसऱ्याच. हे सहा कुणाकडून लिहून घेतलेस?"

अगं, ते सहाच तर माझे होते! पहिले चार तुझे. पण गेली दोन वर्षं वहीत तुझंच अक्षर बघितलंय त्यांनी, त्यामुळे तेच माझं ठरलं.

"सोमवारी सगळं एका अक्षरात आण, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही," म्हणाल्या. तू जाऊन दीड महिना झाला हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर आपली दोन वर्षांची चोरी बाहेर आली असती ना!

"कॉम्प्युटर शिकतेस आणि प्रोग्राम हाताने लिहायचे? कमाल आहे!" म्हणून तू किती हसली होतीस. मग माझं गिचमिड बघून पेन ओढून घेतलंस. आपल्या कांजूरच्या सोसायटीच्या फळ्यावर 'उद्या पाणी येणार नाही' हेसुद्धा लग्नपत्रिकेसारखं लिहिणारी तू! इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना सगळं बघून बघून उतरवायचीस, एक कान कुकरच्या शिट्टीकडे ठेवून. "तू अभ्यास कर, लिहिण्यात वेळ नको घालवूस."

अभ्यास कसला डोंबलाचा! तू लिहायचीस आणि मी मोबाइल घेऊन लोळायचे. तूही कधी ओरडली का नाहीस गं? एकदा तरी वही अंगावर फेकायची होतीस.

प्रत्येक प्रोग्राम संपला की विचारायचीस, "चालतो ना गं हा?" मी मान वर न करता म्हणायचे, "चालतो गं." एकही चालवून बघितला नव्हता मी. सीनियरच्या वहीची झेरॉक्स तुझ्यापुढे टाकायची, बस्स.

आज दुपारी तुझी पानं समोर ठेवून परत लिहायला बसले. तिसऱ्या प्रोग्रामच्या मधोमध, एका ओळीवर एकटंच, सुंदर अक्षरात तू लिहिलंयस, 'पीटीओ'. झेरॉक्सच्या पानाखाली 'पान उलटा' म्हणून लिहिलेलं, तेही उतरवलंस! मी एकटीच खदाखदा हसले. मग खाली माझ्या वहीकडे बघितलं. मीही ते उतरवलं होतं.

तुला कळत नव्हतं ते ठीक आहे. मी टीवायला, शेवटच्या वर्षाला आहे गं!

आता सांगूनच टाकते. मला दोन विषयांत केटी आहे, नापास झालेय मी. तुला 'सगळं क्लिअर' म्हणाले होते ते खोटं होतं. हॉस्पिटलमध्ये तू नर्सला सांगत होतीस, "ही माझी कॉम्प्युटरवाली," तेव्हा मी सलाइनकडे बघत बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. बाबांना अजून माहीत नाही. ते रोज म्हणतात, "शेवटचं वर्ष, मग तुझं सुरळीत."

कसलं सुरळीत? मागच्या बॅचची पहिली आलेली मुलगी अजून घरी बसून आहे. मालाडच्या आयटी ऑफिसांतून अर्जाला साधं उत्तरही येत नाही तिला. आता प्रोग्राम मशीनच लिहितं, म्हणतात. मग मी कशाला हवी कुणाला? मला तर नीट उतरवताही येत नाही.

चौथ्या प्रोग्रामात तुझ्या ओळी खाली घसरल्यात. शेवटी शेवटी त्याच अक्षरांवरून पेन दोनदा फिरवलंयस. तेव्हा मी समोरच होते. "हात दुखतोय का?" एवढंसुद्धा नाही विचारलं मी.

तुझी पानं काढली आई. फाडली नाहीत, ब्लेडने कापून काढली. बाबांच्या नकळत तुझ्या कपाटात साड्यांखाली ठेवलीत. सोमवारी माझ्या घाणेरड्या अक्षरातलं जर्नल देईन. सही मिळाली तरी पास होईन असं काही वाटत नाही. डिग्रीचं वचन देत नाही, नोकरीचं तर नाहीच. तुला आणखी थापा नकोत.

एकच कबूल करते. तो चौथा प्रोग्राम मी शिकेन. मार्कांसाठी नाही. ओळ न् ओळ समजून घेईन, कॉलेजच्या लॅबमध्ये बसून चालवेन. कितीही वेळा अडला तरी. मग घरी येऊन तुझं कपाट उघडेन आणि एकदा तरी खरं सांगेन, "चालतो गं."

तुझी,
खोटारडी मनू