आपली जाहिरात आपण दाबू नये

३ फेब्रुवारी, सोमवार
मिळाली एकदाची नोकरी! ऑफिस टायरच्या दुकानावर, त्यामुळे नाकात दिवसभर रबर. पण टेबल खिडकीपाशी आहे आणि खुर्ची गोल फिरते. वेबसाइट घरगुती सल्ल्यांची: डाग कसे काढावेत, गळका नळ कसा दुरुस्त करावा. तिच्यावर जाहिराती बसवायच्या, हे माझं काम. जागा, रंग, चौकट, सगळं मीच ठरवायचं. जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीचे नियम सरळ आहेत. वर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा. बटणापासून लांब ठेवा, म्हणजे कुणाचा अंगठा चुकून पडणार नाही. आणि आपल्या साइटवरची जाहिरात आपण दाबू नका, नाहीतर खातं बंद. मला आवडलं. फसवून दाबायला लावायचं, ते कसलं गिऱ्हाईक?

धाकटी बहीण, आमची चिमणी, या साइटची जुनी वाचक निघाली. रोज सकाळी चहाबरोबर वाचते आणि दिसेल ते दाबते. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे तिला रागवायचं कामही माझंच.

५ फेब्रुवारी, बुधवार
एक जाहिरात विचित्र आहे. कंपनीचं नाव नाही, वस्तू नाही. नुसती खोली, खुर्ची आणि पाठमोरी बाई. निळा स्वेटर, कोपराला राखाडी ठिगळ. मुद्रितं तपासणाऱ्या काकांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग म्हणाले, तुझ्या टेबलावर आधी बसणाऱ्या बाईंचा स्वेटर असाच होता. जाहिरात चालते का बघायला त्यांनी ती एकदा दाबली, आणि दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. हात दाखवून अवलक्षण, असंही म्हणाले. मी हसले, पण डबा तसाच परत आणला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
साहेबांचा हुकूम: त्या पाठमोऱ्या बाईच्या जाहिरातीची चौकट काढ, रंग लेखासारखा कर, ‘पुढे वाचा’ बटणाला चिकटव. मी तोंडावर नाही म्हटलं. साहेब म्हणाले, उगाच नाकाने कांदे सोलू नकोस, आणि माझ्या खुर्चीत बसून स्वतःच चिकटवली.

चित्रात दुसरी खुर्ची आली. रिकामी. पाठीवर तपकिरी टोपी, साहेबांची खुंटीवर असते तसलीच. ते खो खो हसले. मग फोनवर कशी दिसते ते बघताना त्यांचा अंगठा घसरला. दाबली गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार
साहेब आले नाहीत. घरीही नाहीत, त्यांच्या बायकोचा फोन आला होता. चित्रात आता दोघं पाठमोरे. टोपी डोक्यावर.

मी चौकट घातली, ‘जाहिरात’ लिहिलं, बटणापासून लांब नेली. चहा घेऊन येते तो पुन्हा चिकटलेली! जागाच काढून टाकली. परत आली. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच. पण मीही काही कमी नाही. परत काढली.

चिमणीला बजावलं, साइट उघडायची नाही. ती म्हणाली, ताई, तुझी नोकरी टिकावी म्हणून तर मी दाबते.

११ फेब्रुवारी, मंगळवार
तिसरी खुर्ची. रिकामी. पाठीवर चिमणीचा पिवळा स्कार्फ. मीच विणलेला, टोकाला टाका चुकलाय.

फोन उचलत नाहीये. तिची चहाची वेळ—

थोड्या वेळाने
सुचलं. खातं बंद झालं की आमच्या साइटवरच्या सगळ्या जाहिराती जातात. आणि खातं कशाने बंद होतं ते पहिल्याच दिवशी वाचलंय. इथूनच, आपणच, सारखी दाबायची.

काका नको नको म्हणत होते. त्यांना आमच्या घरी पिटाळलं, चिमणीच्या हातातून फोन काढून घ्यायला. पोचेपर्यंत उशीर झाला तर? मी थांबणार नाही.

खुर्ची भरायचीय ना? भरते. माझ्या बहिणीला कोण बसवतंय बघतेच!

दाबली. परत. परत.

रबराचा वास गेला.

परत. खिडकी डावीकडे होती. आता भिंत—

खुर्ची फिरत नाही. स्कार्फ माझ्या मांडीवर. दाबतेय—

पडद्यावर कंपनीचं पत्र. तुमचं खातं कायमचं बंद—

हरले नाही मी! चिमणे, चहा पी, खुशाल वाच. पण उद्या दुसऱ्या कुठल्या साइटवर मी पाठमोरी दिसले तर हाक मारू नकोस, हात लावू नकोस. वर बघ. मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतेय, आतून. जाहिरा—