आमच्या चॅपेलमध्ये न झालेलं गाणं

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, बावन्न वर्षं या मठात सिस्टर आणि त्यातली चार वर्षं रेडिओवरची गायिका, पूर्ण शुद्धीत आणि कुणीही कान न भरता हे मृत्युपत्र करत आहे. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या बाईकडे वाटायला काय असणार, असं वकीलबाई म्हणाल्या. बघाच.

१. गिटार स्वयंपाकघरातल्या सिस्टरला द्यावी. तिला तीनच कॉर्ड येतात. मला सुरुवातीला दोनच येत होते.

२. गाण्याच्या विक्रीबद्दल रेकॉर्ड कंपनीने दिलेली सोनेरी तबकडी थोरल्या भावाला. मी मठात निघाले तेव्हा तो म्हणाला होता, "एवढा गोड गळा, आता मातीत घालणार का?" तबकडी त्याने पाहुण्यांना दिसेल अशी लावावी. कपाटात कोंबल्यास ती भाचीची होईल.

३. मूळ ध्वनिफीत मठात राहावी आणि कुणीही ती सुधारू नये. खुलासा: आवाज छान घुमतो म्हणून आम्ही धुणीखोलीत गायलो. शेवटच्या ओळीत प्रार्थनेची घंटा झाली. घंटा झाली की तोंडातला शब्दही अर्धा सोडायचा, हा आमचा नियम. आम्ही अकराजणींनी सोडला. रेकॉर्डिंगवाल्याने कपाळावर हात मारला, "अहो सिस्टर, अर्धाच शब्द राहिला होता हो!" गाणं तसंच बाहेर पडलं आणि उरलेला अर्धा शब्द लोक म्हणू लागले. बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, एकदा तर मैदानभर माणसं. मला अभिमान वाटला. फादरांसमोर तो पाप म्हणून पाचदा कबूल केला. आता करणार नाही.

४. मदर आणि मी एकाच दिवशी मठात आलो. गाणं झालं तेव्हा ती गायनवृंदाची प्रमुख होती, आज मठाची आहे. ती म्हणाली होती, "देवाचं गाणं अर्धवट टाकलंस, वर टाळ्या घेतल्यास." तेव्हापासून सव्वीस वर्षं जग ते गाणं गातं आणि आमच्या चॅपेलमध्ये त्याला बंदी. हे मला फार लागलं आहे. माझ्या अंत्यविधीला ते इथेच गावं, मोठ्याने. मदरला मान्य नसेल तर तिने खाली सही करू नये.

ठिकाण: आजाऱ्यांची खोली, दुसरा मजला
दिनांक: ३ मार्च, मंगळवार
(सही)

साक्षीदार पहिली: स्वयंपाकघरातली सिस्टर (सही)

साक्षीदार दुसरी: मदर (सही). मान्य. पण मेल्यावर कशाला? तुला ऐकू कसं येणार? रविवारी खाली ये आणि गा. जिना उतरवत नसेल तर मी हात धरते.