चाकू मी खोलला नाही

३ मार्च
रिटायरमेंटची भेट म्हणून मुलाने घडीचा चाकू दिला. एकदम भारीतला. वॉरंटी आयुष्यभराची. (कोणाच्या आयुष्याची, ते लिहिलेलं नाही.) सोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत: स्क्रू काढून चाकू खोलल्यास वॉरंटी रद्द. तरीही त्याने तो माझ्या हातात दिला! या घरात मला मिक्सरला हात लावू देत नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाचा विषय निघाला की बायको उठून आत जाते. आणि मुलाने एवढा विश्वास टाकला. भरून आलं. हा विश्वास जपणार. चाकू खोलणार नाही. ठरलं.

५ मार्च
पातं मिटताना बारीक खर्र होतं. बायकोला कानाशी नेऊन ऐकवलं. तिला म्हणे काहीच ऐकू येत नाही. मुलाला फोन केला. आहे तसा वापरा, म्हणाला. कशाला वापरू? पाकिटं फोडून झाली, सुतळ्या कापून झाल्या, घरात कापण्यासारखं काही उरलं नाही. पंपांच्या कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये जन्म गेला माझा. पंप खोलणारे वेगळे होते, पण खोला म्हणून सांगणारा मीच. मला कोणी खर्र शिकवू नये.

६ मार्च, दुपार
एकच स्क्रू किंचित सैल करून बघणार. सैल करणं म्हणजे खोलणं नव्हे.

६ मार्च, संध्याकाळ
स्क्रूला आतून निळा गोंद. कंपनीचा गिऱ्हाइकावर विश्वास नाही, दुसरं काय! स्क्रूची खाच झिजली, पण तो हलेना. गोंद उष्णतेने सुटतो, म्हणून इस्त्री टेकवली. सुटला. मुठीचं प्लास्टिकही थोडं बसलं. पातं बाजूला घेतलं तर आतले बारीक छर्रे टणाटण उडून कपाटाखाली. त्यातले काही सापडले.
बायको दारात उभी होती. इस्त्री पुसून आत घेऊन गेली.
चाकू मी खोलला नाही. तो खोलला गेला.

८ मार्च
जोडला. एक स्प्रिंग उरली, पण तिच्यावाचून अडत नाही. खर्र पूर्ण गेली. पातं आता मिटतच नाही, हे खरं. पण मिटताना होणारा आवाज बंद करायचा होता, तो झाला.

९ मार्च
मुलगा महिनाअखेर येणार. त्याला कळता कामा नये. कळलं तर या घरात पुन्हा कोणी मला टॉर्चचा सेलसुद्धा बदलू देणार नाही. चाकू वॉरंटीत कंपनीकडे पाठवला. पातं आपोआप अडकलं, असं कळवलं. झिजलेल्या खाचेत बूटपॉलिश भरलंय. आता बनवणाऱ्याच्या बापालाही ओळखू येणार नाही.

२१ मार्च
परत आला. सोबत फोटो. खाच, मूठ, बूटपॉलिश, प्रत्येकाकडे लाल बाण. वॉरंटी रद्द. शेवटची ओळ जास्त झोंबली: न खोलता पाठवला असतात तर आवाज फुकट काढून दिला असता. उद्धट माणसं! मुलाला सांगणार, कंपनी फसवी निघाली. आरशासमोर म्हणून पाहिलं. छान जमलं.

२९ मार्च
मुलगा आला. मी कंपनीच्या नावाने सुरुवात केली, तर मध्येच हसून म्हणाला, म्हणजे खोललात एकदाचा! रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.
मग त्यानेच सांगून टाकलं. महिन्याच्या सुरुवातीला घरात नवं वॉशिंग मशीन आलं. त्याची वॉरंटी टिकावी म्हणून बाबांच्या हाताशी खोलायला काहीतरी द्यायचं, असं माय-लेकांनी फोनवर ठरवलं होतं. कल्पना आईची. बायको मान खाली घालून टेबल पुसत होती. पुसलेलंच परत पुसत होती.
आणि मी विश्वास विश्वास करत बसलो होतो. फार लागलं मनाला. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तसं कोणी बघतही नव्हतं.
मशीन अजून वॉरंटीत आहे, म्हणून जाताना मुलाने दुसरा चाकू ठेवला. स्वस्तातला. याला वॉरंटीच नाही. मी थँक्यू म्हणालो.
स्क्रू साधेच दिसतात.