उपाशीपोटीची साखर

निलंगा, शुक्रवार, ८ एप्रिल १९८३

"भ्यालेल्याला भूक लागत न्हाई, त्याचं काळीजच त्याला गोड खाऊ घालतं," आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर मामा म्हणायचा.

आईची लघवी तपासली. नळीतलं निळं औषध पुन्हा विटेसारखं लाल, म्हणजे साखर भरपूर. चोरून गूळ खाते म्हणून मी डब्याला कुलूप लावलं, नको ते बोलले. पण कालपासून ती उपाशीच आहे! डॉक्टर म्हणाले, भीतीचा रस रक्तात उतरला की यकृत आपणहून साखर सोडतं.

"कशाला भ्यालीस?"

"तुझे बाबा आटलेल्या हिरीतून हाक मारायलेत. पहाटंला."

ती विहीर खोल करतानाच बाबा गेले. आज पहाटे हाक मीही ऐकली. मग माझ्याही लघवीची नळी तापवली. निळं हिरवट झालं; साखर माझ्यातही उतरू लागली.

आई, उद्या माझ्यासोबत या विहिरीपासून दूर, लातूरला चल. चलशील? बाबांची हाक सोडून? नाहीच म्हणशील.