मागची खोली आणि पाचटावरची अळिंबी

मी, आम्रपाली भीमराव ओव्हाळ, वय एकोणसत्तर, निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार येरवडा, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाला बळी न पडता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी मला मागच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी केली आहे. धिंगरी अळिंबी पिकली की तिची बारीक पूड उडते, ती माझ्या छातीत बसली आहे. त्यामुळे त्या खोलीला मी गेल्यावर नव्हे, आजपासूनच माणूस हवं आहे.

१. राहतं घर, मागची खोली वगळून, माझा मुलगा प्रज्ञेश याला द्यावं. मागच्या खोलीत व्यायामाची यंत्रं ठेवायचा त्याचा विचार आहे. तो त्याने सोडून द्यावा.

२. कालकथित भीमराव यांची पुस्तकं विहाराच्या वाचनालयाला द्यावीत. बँकेतली ठेव सून सोनाली हिला. ती माझी अळिंबी आवडीने खाते, निदान तसं दाखवते तरी.

३. मागची खोली, तिथल्या मांडण्या, काड उकळायचं पिंप, फवारा आणि गोणपाटाचे पडदे भाची ऋतुजा हिला. अट एकच. समोरच्या घरातल्या दीपमाला रंगनाथ सरवदे हिला त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

ही अट कशासाठी, असं वकील अवधूत यांनी विचारलं. अट कोर्टात टिकेलच असं नाही, असंही म्हणाले. न टिकली तरी कारण कागदावर राहू दे.

दीपमाला आणि मी अळिंबीचं प्रशिक्षण एकाच बाकावर बसून घेतलं. पिशव्याही एकाच दिवशी भरल्या. मी मुळशीहून भाताचा पेंढा आणला, तिला तिच्या भावाने बारामतीहून सोयाबीनचं काड पाठवलं. तिच्या पिशव्यांवर तळहाताएवढाले घड लटकले. माझ्या पिशव्यांवर सदऱ्याची बटणं. मग मी गव्हाचं काड करून पाहिलं, केळीची वाळली पानं, कपाशीच्या काड्या, दाणे काढलेली मक्याची कणसंसुद्धा. आली, सगळ्यावर आली. पण येणारा जाणारा म्हणणार, दीपमालाताईंची बघितलीत का? बघितली हो. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसतच नाही.

बुद्धपौर्णिमेला विहारात तिच्या अळिंबीचा रस्सा झाला आणि माझी पुलावात गेली, तीही मटाराखाली. ह्यांनी तो रस्सा दोनदा मागून घेतला. ते आज नाहीत, म्हणून हा विषय इथे थांबवते. मी तिच्यावर जळते, आणि ते लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

४. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला राहू नये, असं अवधूत यांनी बजावलं आहे. म्हणून साक्षीदार मुद्दाम दीपमालालाच नेमते. आपल्याला यातलं काहीही मिळणार नाही, असं सांगणाऱ्या या कागदावर तिनेच सही करावी.

५. हे कलम आज दुपारी वाढवलं आहे.

दीपमाला सहीला आली. कागद वाचला, पेन उचललं, परत ठेवलं आणि सरळ मागच्या खोलीत गेली. मी दारातच थांबले. आत माझा शेवटचा प्रयोग टांगलेला आहे, उसाच्या पाचटाचा. पाचटावर आमच्या प्रशिक्षणातल्या कुणाचीच आजवर धड आलेली नव्हती. माझी या खेपेला आली आहे, आणि मी कुणाला बोललेले नाही. ती घडांना हात न लावता बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, "तुझ्या अंगणात पाचट पडलेलं दिसलं, तेव्हापासून मीपण लावते आहे. दर वेळी हिरवी बुरशी. सगळं गुपचूप टाकून दिलं. मला झोप नाही गं, आम्रपाली."

मला नोकरीत बढती मिळाली, मुलगा झाला, हे घर झालं. खरं सांगते, इतकं बरं कशानेच वाटलं नव्हतं. मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. तोंड वाकडं करून का होईना, म्हणाली. मग कुणी न सांगता तिने वाळलेले पडदे भिजवले आणि खिडकी अर्धी लोटली. ऋतुजा गुणी मुलगी आहे, पण तिला हे रोज फोन करून सांगावं लागलं असतं. शिवाय ती कुणावर जळत नाही. तिच्या हातून काय पीक निघणार!

सबब कलम ३ आणि ४ रद्द. मागची खोली सामानासह वापरायचा हक्क दीपमालाला तिच्या हयातीपर्यंत राहील, त्यानंतर खोली प्रज्ञेशची. ऋतुजाला माझ्या पाटल्या. सोयाबीनचं काड त्या खोलीत आणायचं नाही.

पाचट कसं तयार करायचं ते या कागदात लिहिलेलं नाही, दुसरीकडेही कुठे नाही. ते शिकायला दीपमालाने उद्यापासून रोज सकाळी चहाला यावं. मी दारात खुर्ची टाकून बसेन आणि सांगेन. शिकवायला मी भरपूर वेळ लावणार आहे.

ठिकाण : येरवडा, पुणे
दिनांक : १४ डिसेंबर २०२५

मृत्युपत्र करणार : आम्रपाली भीमराव ओव्हाळ (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली :
१. राकेश वाघचौरे (सही)
२. संभाजी खळदकर (सही)

क्रमांक दोनवर आधी लिहिलेलं दीपमाला रंगनाथ सरवदे हे नाव मी स्वतः खोडलं आहे. तिला आता साक्षीला राहता येत नाही. आ. भी. ओव्हाळ