मुंगीच्या डोळ्यांची तपासणी

२ जानेवारी
संकल्प: यंदा मुंगीची नजर परत आणणार. मुंगी म्हणजे आमची मुलगी, वय नऊ. पाचव्या वर्षापासून डोळ्यांचे पडदे झिजतायत, आता फक्त उजेड-अंधार कळतो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, यावर आज तरी इलाज नाही, ब्रेल शिकवा. माणूस मुळात रडका. त्यांनी दिलेली ब्रेलची पाटी कपाटावर टाकली. बोटांनी वाचायला लागली की डोळे आळशी होतील.

११ जानेवारी
परदेशात स्टेम सेलचं क्लिनिक सापडलं! व्हिडिओत एक आजोबा सुईत दोरा ओवतात. आपले डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, हे कुठेही सिद्ध झालेलं नाही. जळतात, दुसरं काय. मी वजनमापं खात्यात निरीक्षक. बावीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतोय. मला गंडवणारा अजून जन्माला यायचाय.

१२ जानेवारी
क्लिनिकचे कागद नीट वाचले का, असं बायकोने विचारलं. वाचले म्हटलं. चौतीस पानं, बारीक अक्षर, चष्मा ऑफिसात. सही केली.

९ फेब्रुवारी, क्लिनिक
खाली टायरचं दुकान, वर केस उगवण्याचं सेंटर. मधल्या मजल्यावर आपलं क्लिनिक. इथला आणि वरचा डॉक्टर एकच. अष्टपैलू माणूस. डोळ्याच्या मागे इंजेक्शन दिलं. मुंगीने माझं बोट असं आवळलं की नख काळंनिळं झालं. रडली नाही. पुन्हा नाही ना, एवढंच विचारलं. बघू म्हटलं.

२० फेब्रुवारी, स. ७.३०
घरी. पॅसेजमध्ये अक्षरांचा तक्ता लावला. रोज टेस्ट, वहीत नोंद. आज एक अक्षर ओळखलं: ट. मी फक्त 'टेबलातला' म्हटलं होतं. त्याला मदत म्हणत नाहीत.

५ मार्च
दोन ओळी! चुकली की मी बरोबर अक्षर सांगतो, म्हणजे डोळ्यांना वळण लागतं. पद्धत माझी स्वतःची. मग परवा दारावर कशी आपटली, असं बायको विचारते. दारच चुकीच्या जागी आहे.

१९ मार्च
पाच ओळी. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मशीनवर मात्र शून्य फरक. मशीन शेवटचं कधी तपासलंय, असं मी खडसावून विचारलं. त्यांनी सर्टिफिकेट पुढे केलं. गेल्याच महिन्यातलं. तरीही.

२ एप्रिल
अख्खा तक्ता! सातही ओळी! मी ढसाढसा रडलो. मी बरी झाले, आता सुई नको ना, असं मुंगीने विचारलं. म्हटलं, वेडाबाई, एवढा फरक पडलाय म्हणजे दुसरा डोस हवाच. चौदा तारखेची तिकिटं काढली. तिचं तोंड एवढंसं झालं. प्रवासाचा कंटाळा, दुसरं काय.

९ एप्रिल
पॅसेज रंगवायला घेतलाय. रंगाऱ्याला दम दिला, टेस्टच्या आत वाळलं पाहिजे.

१० एप्रिल, स. ७.३०
मुंगी नेहमीच्या फरशीवर उभी. मी खाली मान घालून वहीत बरोबरच्या खुणा करत होतो. सातही ओळी घडाघडा, एक चूक नाही. शाबासकी द्यायला मान वर केली.
भिंत कोरी. तक्ता रंगाऱ्याने कालच काढलाय. माझ्यादेखत.
सगळं बरोबर आलं ना बाबा, असं तिने विचारलं. हो म्हटलं.

१० एप्रिल, संध्याकाळ
तिकिटं रद्द. काटा आधी रिकामा तपासायचा, हे नव्या निरीक्षकांना पहिल्या दिवशी मीच शिकवतो.
स्टूल घेऊन कपाटावर पाहिलं. पाटी नव्हती. बायकोने जानेवारीतच मुंगीला दिली होती. पोर ब्रेलच्या तिसऱ्या पुस्तकावर आहे. तिने ठिपक्यांचं पान माझ्यापुढे सरकवलं, वाचा म्हणाली. डोळे मिटून बोट फिरवलं. काही कळेना. परत फिरवलं.
मग तिने शेजारून हळूच सांगितलं, टेबलातला.