पाठ कोण थोपटतं

मिडल्सब्रो, ४ फेब्रुवारी

ती. हिलरीताईंना ग्लिनिसचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले. नेव्हिलचा अपंगत्व भत्ता नाकारला.

तपासणीला घरी एक बाई आली होती. पोरगी बरी होती, चहासुद्धा घेतला. पण तुमच्या भावाने इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली आणि असा ताठ बसला, जणू गोदीतली क्रेन पुन्हा चालवायला मागतोय. औषधं कोण बघतं, तर म्हणे माझी मीच घेतो. छातीतला कफ काढायला वेळ लागतो का, तर म्हणे फारसा नाही.

ताई, सकाळ-संध्याकाळ कफ सुटावा म्हणून त्याला उशांवर पालथं घालून मी पाठ थोपटते. वाफेचं यंत्र धुते, उकळते, औषध भरते. यातलं एक राहिलं की ताप, आणि मग हॉस्पिटल. मी मधे बोलायला गेले, तर त्याने असं पाहिलं की मी बिस्किटं आणायला उठले.

आता लेखी आलंय, उपचार तो घरी स्वतः सांभाळतो. भत्ता गुणांवर ठरतो आणि त्याला मिळाले शून्य. त्याचं सगळं करता यावं म्हणूनच मी शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडली होती. परत धरावी लागेल. मग त्याची पाठ कोण थोपटणार? फार थकले आहे. लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
ग्लिनिस

व्हिटबी, २० एप्रिल

चि. ग्लिनिसला अनेक आशीर्वाद.

फेरविचारातही नकार आला, हे वाचून वाईट वाटलं. तरी अपील कर. इथल्या सल्ला केंद्रातल्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, गोळी तोंडात टाकता येते एवढ्यावर भागत नाही. रोज, नीट, दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमतं का ते बघायचं असतं, आणि थोपटण्यात जाणारा वेळही धरायचा असतो.

आमचे बंधुराज लहानपणी कांजिण्या अंगावर घेऊन शाळेत गेले होते आणि अख्खा वर्ग आजारी पाडला होता. त्याला माझा निरोप दे, अपिलाच्या सुनावणीत शर्ट चुरगळलेला चालेल, खोटं चालणार नाही. तू मात्र जेवत जा. मायेची ओढ राहू दे.

तुझी,
हिलरी

मिडल्सब्रो, ९ ऑक्टोबर

प्रिय हिलरीस, नेव्हिलचा स. न.

या वेळी मीच लिहितोय. काल सुनावणी झाली. टेबलापलीकडे तिघं होते, त्यातले एक डॉक्टर. जिने चढून मला धाप लागली होती, म्हणून आधी पाणी दिलं. मग डॉक्टरांनी साधंच विचारलं, पाठ कोण थोपटतं? ग्लिनिस, म्हटलं. ती एखाद दिवस नसली तर? खोलीत माझ्या छातीचीच घरघर ऐकू येत होती. मग म्हणालो, "ती येईपर्यंत खुर्चीत बसून राहतो. आडवं होता येत नाही, बुडाल्यासारखं होतं."

हे मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

नंतर त्यांनी तिला विचारलं, आणखी काही सांगायचंय का. ती खाली बघत म्हणाली, "माझी मनगटं बधिर होतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. त्याला माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं गं. तो कप मी रोज बघत होतो.

भत्ता मंजूर झाला, दोन वर्षांसाठी. पुढे पुन्हा तपासणी आहेच. बसमध्ये आनंद करण्याइतकं त्राण दोघांतही नव्हतं. ती खिडकीला डोकं टेकून झोपली, आपला थांबा गेला तरी मी उठवलं नाही.

हिलरी, तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. पुढच्या महिन्यात आठवडाभर येशील का? तिच्या हातांना विसावा हवाय. पाठ कशी थोपटायची ते मी शिकवीन. जोरात मारायची संधी तुला आयतीच मिळेल.

आहे तशी माया असू दे.

तुझा,
नेव्ह